नावडत्या नायकाने कशावर पाणी सोडले?

मागच्या महिन्यात एका जवळच्या मैत्रिणीला मी लोरेटा चेस यांची 'लॉर्ड ऑफ स्काउंड्रल्स' ही १९९५ सालची कादंबरी आग्रहाने वाचायला दिली होती. चौथ्या दिवशी तिने ती परत आणून दिली. खुणेची पट्टी पुस्तकाच्या पहिल्या एकतृतीयांश भागातच अडकलेली होती. "हा माणूस माझ्या डोक्यात गेला," असे ती म्हणाली. ज्याचे भले व्हावे असे मला वाटतच नाही, त्याच्या लग्नाची गोष्ट मी शेवटपर्यंत का वाचावी, हा तिचा रोकडा सवाल होता. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. "पुढे तो बदलतो," एवढेच मी पुटपुटले, आणि ते उत्तर अपुरे आहे हे बोलतानाच मला जाणवले, कारण पुढे बदलणारे नायक या प्रकारच्या कादंबऱ्यांत ढिगाने सापडतात आणि त्यांतले बरेचसे मलाही सहन होत नाहीत.

तिच्या प्रश्नात वजन आहे. इतर कादंबऱ्यांत एखाद्या दुष्ट माणसामागे आपण निव्वळ कुतूहलाने चारशे पाने चालू शकतो, कारण शेवटी त्याचे वाटोळे झाले तरी आपले काही बिघडत नाही. ऐतिहासिक प्रणयकादंबरीत मात्र शेवट सुखाचाच होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्यामुळे आपल्याला त्या माणसाला नुसते ओळखून घ्यायचे नसते, तर ज्या स्त्रीची काळजी आपण पानोपानी वाहिली तिचा हात शेवटी त्याच्या हाती द्यायचा असतो. असा नायक आवडेनासा झाला की सबंध इमारतच डगमगते. तरीही मला हे नावडते नायक हवे असतात, आणि गेली वीस-बावीस वर्षे मी ते शोधून शोधून वाचत आले आहे. त्यामागचे कारण माझ्या मते त्या काळाच्या कायद्यात दडलेले आहे.

या कादंबऱ्यांचा मोठा भाग अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घडतो, आणि त्यातही १८११ ते १८२० हा रीजन्सीचा काळ, म्हणजे आजारी राजाच्या जागी युवराजाने कारभार पाहिला ती वर्षे, लेखिकांचा विशेष आवडता आहे. त्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जात असे. तिची रोकड, तिचे दागिने, तिची कमाई ही सारी त्याची होत असे. श्रीमंत घरांतल्या मुलींसाठी विश्वस्तांमार्फत काही मालमत्ता राखून ठेवता येत असे, पण ती सोय सर्वांच्या आवाक्यातली नव्हती. विवाहितेची कमाई तिची स्वतःची मानणारा कायदा १८७० साली आला आणि मालमत्तेचा पुरता हक्क मिळायला १८८२ उजाडावे लागले. मुले बापाची असत. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागण्यासाठी आईला न्यायालयात अर्ज तरी करता येऊ लागला तो १८३९ च्या कायद्यानंतर. १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर संसदेकडून खासगी कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि त्या वाटेने सुटका मिळवू शकलेल्या स्त्रिया उण्यापुऱ्या चार होत्या. १८५७ नंतरही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे होत असे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे, आणि हा भेदभाव १९२३ पर्यंत टिकला. नवऱ्याने पत्नीवर केलेली जबरदस्ती हा बलात्कारच आहे, हे इंग्लंडमध्ये तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम करणाऱ्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने निःसंदिग्धपणे सांगितले ते १९९१ साली.

हे सगळे डोळ्यांसमोर ठेवून नृत्यसमारंभातल्या त्या उमद्या ड्यूककडे, म्हणजे बड्या उमरावाकडे, पाहिले की चित्र बदलते. नायिका त्याला होकार देते तेव्हा ती आपले सर्वस्व अशा माणसाच्या स्वाधीन करत असते की जो उद्या उलटला तर तिला दाद मागायला जागा नाही. नायक गोड स्वभावाचा असेल तर हा धोका कादंबरीत दिसतच नाही, कारण त्याच्या चांगुलपणाच्या आड कायदा लपून राहतो. नायक उद्धट, थंड किंवा निर्दय असेल तेव्हा मात्र तो कायदा लख्ख उघडा पडतो. म्हणून नावडता नायक वाचताना माझी कसोटी एकच असते. त्याचे मन किती हळवे झाले, त्याने किती अश्रू ढाळले, हे मी पाहत नाही. कायद्याने, जन्माने आणि पैशाने त्याला जे हक्क बिनबोभाट दिले आहेत, त्यांतल्या कोणत्या हक्कावर त्याने आपण होऊन पाणी सोडले, हे मी पाहते.

बिघडलेला पुरुष लग्नाने सुधारतो ही समजूत फार जुनी आहे, आणि तिच्याविषयीचा इशाराही तितकाच जुना आहे. सॅम्युएल रिचर्डसन यांनी १७४७-४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्लॅरिसा'च्या प्रस्तावनेतच सांगून ठेवले होते की, सुधारलेला रंगेल पुरुष हाच उत्तम नवरा होतो ही धारणा घातक आहे आणि मुलींनी तिला बळी पडू नये. पुस्तकातला लव्हलेस क्लॅरिसाला फसवून पळवतो, गुंगीचे औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो आणि तिच्या मृत्यूला कारण होतो. एवढे होऊनही कित्येक वाचकांना तोच मनात भरला. रिचर्डसन यांना याचा इतका मनस्ताप झाला की पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी मजकूर आणि टिपा वाढवून त्याचा काळेपणा अधिक ठळक केला. शंभर वर्षांनी, १८४७ साली, एमिली ब्रॉन्टे यांनी 'वदरिंग हाइट्स'मध्ये हीच गोष्ट थेट हीथक्लिफच्या तोंडी घातली. पत्नी इझाबेलाने आपल्याला प्रणयकथेतला नायक समजून घर सोडले, असे तो तिच्या देखतच तुच्छतेने सांगतो, आणि निघण्यापूर्वी आपण तिच्या कुत्रीला फासावर टांगले होते तेही बिनदिक्कत सांगतो. ते पान मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा इझाबेलासाठी जीव तुटतो. तिची चूक वाचनाची चूक होती, आणि त्या चुकीची शिक्षा तिला आयुष्यभर भोगावी लागली.

खलनायकाला नायकाच्या खुर्चीत आणून बसवण्याचे काम विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर यांनी केले. १९२१ सालच्या 'द ब्लॅक मॉथ' या त्यांच्या पहिल्या कादंबरीत अँडोव्हरचा ड्यूक नायिकेला पळवून नेणारा खलपुरुष आहे. पाच वर्षांनी 'दीज ओल्ड शेड्स'मध्ये त्यांनी तोच माणूस, नाव बदलून, एव्हनचा ड्यूक म्हणून नायक केला. मला हा बदल फार बोलका वाटतो, कारण माणसाचा स्वभाव जवळजवळ तोच राहिला, बदलले ते गोष्टीतले त्याचे स्थान. त्याच घराण्याची पुढची पिढी १९३२ च्या 'डेव्हिल्स कब'मध्ये येते. ड्यूकचा मुलगा, म्हणजे संतापलेला मार्क्विस, फ्रान्समधल्या दिएपच्या मुक्कामी नायिका मेरी चॅलोनरच्या अंगावर धावून जाऊ लागतो, तेव्हा ती त्याचेच पिस्तूल रोखते आणि खरोखर चाप ओढते. गोळी त्याच्या दंडाला लागते. मग तीच त्याची जखम बांधायला पुढे होते, पण त्या क्षणापासून त्या दोघांमधले बोलणे वेगळ्या पातळीवर जाते. कायदा जिथे मुका होता तिथे त्या पिस्तुलाने तिचा नकार ऐकवला.

आता जे लिहायचे आहे ते लिहिणे मला जड जाते. कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही १९७२ सालची कादंबरी मी एकोणिसाव्या वर्षी एका रात्रीत वाचून काढली होती. अमेरिकेतल्या आधुनिक ऐतिहासिक प्रणयकादंबरीची लाट या पुस्तकापासून उसळली असे मानले जाते. त्यातला जहाजाचा कप्तान नायिकेला वेश्या समजतो आणि तिच्या नकाराला न जुमानता तिच्यावर बलात्कार करतो. ती गरोदर राहते, लग्न लावून दिले जाते आणि पुढे प्रेम फुलते. एकोणिसाव्या वर्षी मला तो गैरसमज वाटला होता, कारण पुस्तकच मला तसे सांगत होते. चाळिशीच्या आसपास मी ते पुन्हा हाती घेतले आणि त्याच प्रसंगाशी थबकले. ती रडते आहे, विनवते आहे, आणि निवेदनाचा सूर मात्र कप्तानाच्या रुंद खांद्यांवर रेंगाळतो आहे. मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. राग कप्तानाचा आला, त्याहून अधिक त्या सुराचा आला. ती खरोखर वेश्या असती तर तिच्या नकाराला किंमत नव्हती, हे त्या गैरसमजाच्या सबबीत गृहीत धरलेले आहे आणि पुस्तकाला त्याचा पत्ताही नाही. या नायकाला पश्चात्ताप होतो, पण त्याला काहीच सोडावे लागत नाही. बायको, मूल, वाडा, नाव असे सगळे त्याच्या पदरात पडते.

नावडता नायक आणि पुस्तकाने पाठीशी घातलेला नायक यांच्यातला फरक मला त्या रात्री उमगला. पहिला वाईट वागतो आणि पुस्तकाला ते ठाऊक असते. दुसरा वाईट वागतो आणि पुस्तक त्याची तरफदारी करत राहते.

मैत्रिणीने परत केलेल्या पुस्तकाकडे मी याच कारणासाठी वळते. त्यातला डेनचा मार्क्विस हा उपेक्षित मुलगा आहे. दिसायला बेढब म्हणून बापाने त्याला झिडकारले, आठव्या वर्षी आई त्याला सोडून निघून गेली, आणि मग शाळेत पोरांनी छळले. ही कहाणी पुस्तकाच्या सुरुवातीलाच येते, आणि अनेक लेखिका इथेच थांबतात. लहानपणीचे दुःख दाखवले की मोठेपणीचे अपराध माफ, असा व्यवहार या प्रकारात सर्रास चालतो. मला तो पटत नाही. दुःखाने वागण्याचा उलगडा होतो. ज्याला त्या वागण्याचा फटका बसला त्याचे देणे त्याने फिटत नाही. मोठा झालेला डेन पॅरिसमध्ये नायिका जेसिका ट्रेंटला भर समारंभात बदनामीच्या तोंडी देऊन, तिनेच आपल्याला जाळ्यात ओढले असे ठरवून, पाठ फिरवून निघून जातो. माझी मैत्रीण नेमकी इथे थांबली, आणि या जागी राग येणे योग्यच आहे, कारण लेखिकेलाही तो यायला हवा आहे. जेसिका पुढे जाऊन त्याच्यावर गोळी झाडते आणि मग वकिलामार्फत नुकसानीचा दावा पुढे करते. हे दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात. रागाच्या भरात झाडलेली गोळी एक वेळ विसरता येते, पण कागदावर मांडलेला हिशेब मागे उरतो.

तरीही या कादंबरीचा गाभा त्या गोळीत नाही. डेनला एक अनौरस मुलगा आहे. त्याच्यासाठी तो पैसे पाठवतो, पण त्याच्याकडे पाहायला तयार नाही, कारण त्या पोराचा चेहरा त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर गेला आहे. गावातले लोक त्या मुलाला भुताचे पोर म्हणून हुसकावतात. म्हणजे बापाने आपल्यावर जे केले तेच डेन पुढच्या पिढीवर करतो आहे, आणि कायदा त्याला त्याबद्दल एका शब्दानेही विचारत नाही. अनौरस मुलाला वारसाहक्क नव्हता, पैसे पाठवले की बापाची जबाबदारी संपली असे समाज मानत होता. जेसिका मात्र अडून बसते. शेवटी डेन स्वतः जातो, आणि त्या घाबरलेल्या, आजारी मुलाला आपल्या हातांनी उचलून घेतो. त्याला त्या मुलाची किळस वाटत असते, आणि ती किळस खरे तर स्वतःचीच आहे हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळते. दगडाला पाझर फुटावा तसा तो प्रसंग आहे, पण लेखिकेने तो भावनेच्या पुरात सोडलेला नाही. मुलाला धरायचे कसे, हेही त्या माणसाला ठाऊक नाही. माझ्या दृष्टीने पुस्तकाचे खरे लग्न तिथे लागते. डेनने पाणी सोडले ते त्या मुलाकडे न पाहण्याच्या आपल्या हक्कावर.

लिसा क्लेपास यांच्या 'डेव्हिल इन विंटर' या २००६ च्या कादंबरीविषयी थोडक्यात सांगते, कारण या प्रकारच्या वाचकांत ती सर्वज्ञात आहे. तिचा नायक सेंट व्हिन्सेंट आदल्या कादंबरीत इथल्या नायिकेच्या मैत्रिणीला पळवून नेणारा पैशाचा लोभी माणूस होता. इथे ईव्ही जेनर, छळणाऱ्या नातेवाइकांपासून सुटण्यासाठी, आपण होऊन त्याच्यासमोर लग्नाचा सौदा ठेवते. मला त्यात सर्वांत भावते ती पुढची अट. त्याने तीन महिने ब्रह्मचर्य पाळावे, तिच्याशीही संबंध ठेवू नये, मगच पुढचे बोलावे, असे ती ठरवून घेते. त्या काळच्या नवऱ्यावर पत्नीच्या बाबतीत असे कोणतेही बंधन नव्हते. म्हणजे जो हक्क कायद्याने निर्विवाद त्याचा होता, तोच ती त्याला बाजूला ठेवायला लावते, आणि तो ठेवतो. शिवाय ज्याने उभ्या आयुष्यात काम केले नाही तो तिच्या वडिलांचा जुगारखाना चालवायला बसतो आणि त्या कामात रमतो. मैत्रिणीला पळवल्याचे देणे मात्र या पुस्तकात पुरते फिटत नाही असे मला आजही वाटते.

इथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मला खरी अस्वस्थता आणतात ते पुष्कळदा सर्वांना आवडणारे नायक. रीजन्सीतला एखादा अर्ल नोकरांशी प्रेमाने वागतो, बायकोच्या वाचनाचे कौतुक करतो, त्याची सगळी मते आजची असतात, आणि त्याची अफाट संपत्ती कुठून आली याची चौकशी पुस्तकात कोणीच करत नाही. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, पण वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ चा आहे, आणि तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नव्हे. त्या काळातल्या पुष्कळ सुंदर वाड्यांच्या पायात साखरेच्या मळ्यांचा पैसा होता. जेन ऑस्टिन यांनी १८१४ च्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या मिळकतीवर जगणाऱ्या घरात नायिका फॅनीला गुलामांच्या व्यापाराविषयी प्रश्न विचारायला लावला आणि त्यावर घरात पसरलेली शांतता नोंदवून ठेवली. ती शांतता आजच्या कादंबऱ्यांत फार वेळा पुन्हा पाळली जाते. असा गोड नायक मला पाठीशी घातलेला वाटतो, मग त्याने नायिकेला फुलासारखे जपलेले का असेना.

नावडतेपणाचा एक प्रकार फारच थोड्या लेखिका हाताळतात, तो म्हणजे ज्यात झगमगाट नाही असा. उद्धट, देखणा, श्रीमंत असा तिहेरी नायक वाचकाकडून अर्धी माफी आधीच मिळवून बसलेला असतो. मेरी बॅलॉग यांनी 'अ प्रेशियस ज्युएल'मध्ये सर जेराल्ड स्टेपलटन हा फारसा देखणा नसलेला, बुद्धीनेही बेताचा माणूस नायक म्हणून उभा केला. तो एका वेश्येला स्वतःसाठी ठेवतो, आणि तिलाही मन असेल हा विचार त्याच्या डोक्यात फार उशिरा शिरतो. त्याचा दोष क्रौर्याचा नाही, लक्ष नसण्याचा आहे. प्रत्यक्ष आयुष्यात बहुसंख्य माणसे एकमेकांना दुखावतात ती याच दोषामुळे, म्हणून हा नायक मला फार खरा वाटला. त्याच्यासाठी सबबी शोधण्याचा मोह होत नाही.

शेवटच्या प्रकरणात नायकाने मागायच्या माफीला या वाचकवर्गात 'ग्रोव्हल' हा शब्द रूढ आहे, आणि तो जितका लांबलचक तितके समाधान जास्त असे अनेकींचे मत आहे. तीनशे पाने मनमानी करून शेवटची दहा पाने नाकदुऱ्या काढणारे नायक मी पुष्कळ वाचले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे त्यांच्या माफीच्या भाषणातही जाणवते, कारण ते बोलतात फर्डे. ज्याला शब्द फुकट मिळतात त्याने शब्द खर्च केले यात त्याचे काय गेले, असे माझ्या मनात येते.

लॉरा किन्सेल यांच्या १९९२ च्या 'फ्लॉवर्स फ्रॉम द स्टॉर्म'मध्ये जेर्वो या ड्यूककडे ते शब्दच उरलेले नाहीत. गणितात असामान्य गती असलेला, परस्त्रीच्या घरी रात्री काढणारा, जगाला कस्पटासमान लेखणारा हा माणूस एका द्वंद्वयुद्धाच्या वेळी मेंदूच्या आघाताने कोसळतो, त्याची वाचा जाते आणि घरचेच त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतात. तिथे त्याला आधीपासून ओळखणारी मॅडी पुन्हा भेटते. ती क्वेकर या साधेपणा आणि समता मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची आहे. या दुर्दैवाने तो साधू होत नाही. वाचा थोडीथोडी परतते तसा त्याचा हट्ट आणि अहंकारही परततो, आणि तिला आपल्याजवळ ठेवण्यासाठी तो अर्धसत्याचाही आधार घेतो. मधल्या भागात मला तो अनेकदा असह्य झाला, आणि मॅडी त्याला सोडून आपल्या माणसांत परत गेली तेव्हा मी तिच्या बाजूची होते. मग तो तिच्या सभागृहात येतो. समोर बसलेली माणसे कोणाहीपुढे टोपी काढत नाहीत, कोणालाही 'युअर ग्रेस' म्हणत नाहीत; त्याच्या पदवीला तिथे कवडीची किंमत नाही. अशा सभेत तो उभा राहतो आणि तुटक, अडखळत्या शब्दांत, एकेक शब्द ओढून काढत, सर्वांच्या देखत बोलतो. आयुष्यभर ज्या गोष्टींच्या बळावर तो इतरांना गप्प करत आला, त्यांतली एकही त्याच्याजवळ नसते.

या वेळी मी मैत्रिणीला ही कादंबरी दिली आहे. मधल्या भागात त्याचा राग आला तर पुस्तक मिटून ठेव, पण परत करण्याआधी मला एक फोन कर, एवढे मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे.